'बारा'चे कूळ आणि रिजेक्टचा कप्पा

प्रश्न असा होता, नाना: वेल्श भाषेत पावाला 'बारा' म्हणतात, तर हा शब्द आला कुठून? प्रश्न एवढाच होता. त्याचे उत्तर एका परिच्छेदात मावते, आणि जो माणूस खुर्ची ओढून शांतपणे बसेल त्याला ते एका दुपारी सापडते. आपल्या दोघांना मिळून दोन वर्षे पुरली नाहीत. उत्तर माझ्या हाती आले तेव्हा तुमचा तेरावा होऊन गेला होता.

आपल्या बारा या संख्येशी या शब्दाचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. तुमच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी तसे गंभीर चेहऱ्याने विचारले होते आणि तुम्ही त्यांना 'विचार करण्यासारखं आहे' असे उत्तर दिले होते. ते विचार करण्यासारखे नव्हते. समोरच्याचे मन राखायचे म्हणून तुम्ही अशी कितीतरी वाक्ये वाटलीत, आणि त्यातले एकही मला कधी आवडले नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक निनाद यांनी मला तुमच्यावर दोन पाने लिहायला सांगितले आहे. ती हृद्य असावीत, अशी त्यांची अपेक्षा आहे. तुमचा जन्म, शिक्षण आणि नोकरी ते स्वतः चौकटीत देणार आहेत. मला चौकटीबाहेरची जागा मिळाली आहे. मी तुमची विहीण. माझी मृणाल तुमच्या सलीलला दिली, आणि शाळेतून निवृत्त होऊन मी सांगलीहून इथे अमेरिकेत श्रूजबरीला मुलीकडे राहायला आले, तेव्हा खालच्या खोलीत तुम्ही आधीपासून होता. तिकडे व्याही आणि विहीण सणावारी भेटतात, म्हणून त्यांचे बरे चालते. इथे आपण सात वर्षे एका टेबलावर न्याहारी केली. तुम्ही पोहे खाताना वर्तमानपत्र वाचत असा आणि त्यातल्या चुका मी पलीकडून उलट्या बाजूने वाचत असे.

लग्नातली एक गोष्ट मात्र आधी नोंदवायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. मी एकटी बाई, शाळामास्तरीण. मानपानाच्या साड्यांच्या प्रतीवरून तुमच्याकडच्या बायकांनी कार्यालयात कुजबुज सुरू केली होती आणि ती मला ऐकू यावी एवढ्या आवाजात होती. तुम्ही तिथे आलात, पंगतीच्या मधोमध उभे राहिलात आणि म्हणालात, "आमच्या घरात विहीणबाईंना कुणी उणं बोलायचं नाही. आज नाही आणि पुढेही नाही." कुजबुज थांबली. ते वाक्य मी इतकी वर्षे जपून ठेवले. त्या वाक्याने पुढे माझी किती फसवणूक होणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

मला गाडी चालवता येत नाही. अमेरिकेत गाडी न येणारी म्हातारी म्हणजे पार्सल. कुणीतरी नेऊन पोचवायचे आणि कुणीतरी परत आणायचे. दर बुधवारी तुम्ही मला वूस्टरच्या भारतीय दुकानात नेत असा, आणि त्या जाण्यायेण्यात मी तुमच्याकडून एक गोष्ट शिकले. तुम्ही उभा जन्म विमानाचे भाग करणाऱ्या कारखान्यात धातू तपासलेत. भट्टीतून एका वेळी जेवढे पोलाद ओतले जाते त्याला एक क्रमांक देतात, त्याला तुम्ही हीट नंबर म्हणत असा. त्या ओतीतून निघालेल्या प्रत्येक कांबीवर तो ठोकलेला असतो आणि त्याचा दाखला कागदावर असतो. कांब कुठल्या पोलादाची, हे त्यावरूनच ठरते.

"कांब कितीही चकचकीत असू दे, विहीणबाई," तुम्ही एका लाल सिग्नलला म्हणाला होता, "हीट नंबर नसेल तर मी ती लाल डब्यात टाकायचो. फोरमन ओरडायचे. म्हणायचे, दिसतंय तर सेम. मी म्हणायचो, दिसण्यावर विमान उडत नाही."

हे मला फार पटले. शाळेत मी मुलांना जन्मभर हेच सांगत आले होते, फक्त माझ्याकडे विमान नव्हते.

असा माणूस शब्दाच्या बाबतीत इतका सैल कसा झाला, याचे मला आजही नवल वाटते. आपल्या शेजारी ग्वेन राहते, ऐंशी ओलांडलेली. तिचे आजोबा उत्तर वेल्समधून व्हरमाँटच्या पाटीच्या दगडाच्या खाणींवर कामाला आले होते. ग्वेनला वेल्श येत नाही. आजीच्या तोंडचे मोजके शब्द तेवढे तिच्यापाशी उरले आहेत. दिवाळीला आपण तिला चकल्या देतो आणि मार्चच्या पहिल्या तारखेला, वेल्श लोकांच्या सणाला, ती बर्फातून चालत येऊन आपल्याला एक पाव देते. चहात भिजवलेले बेदाणे घातलेला तो पाव, 'बारा ब्रिथ'. ब्रिथ म्हणजे ठिपकेदार. दोन वर्षांपूर्वी त्या नावातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ तिने तुम्हाला सांगितला, आणि तुमच्या हातातला घास तसाच राहिला.

"भाकर," तुम्ही म्हणालात. "ही आपली भाकर आहे, विहीणबाई."

संध्याकाळपर्यंत फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर वंशावळ तयार होती: भाकर, भाकरा, बाकरा, बारा. त्यातली मधली दोन रूपे कोण, कुठे आणि केव्हा बोलत होते, असे मी विचारले. "बोलत असतील की," तुम्ही म्हणालात. भाकर वेल्सपर्यंत कुणी नेली, असे विचारले. "व्यापारी," तुम्ही म्हणालात. मग मी विचारले, "नाना, या कांबीचा हीट नंबर दाखवा."

तुम्ही हसलात. "शब्द म्हणजे पोलाद नव्हे, विहीणबाई."

हे वाक्य ऐकून तुमच्याविषयी माझ्या मनात जी तुच्छता निर्माण झाली, ती मी लपवली नाही आणि आजही लपवणार नाही. ज्या माणसाने एका क्रमांकासाठी फोरमनचा ओरडा खाल्ला, त्याने भाषेला विमानापेक्षा हलके समजावे, हे मला सहन झाले नाही. अडाण्याने चूक करावी, ती मी दुरुस्त करीन. पद्धत ठाऊक असलेल्याने पद्धत बाजूला ठेवून चूक करावी, त्याला माझ्या वर्गात जागा नव्हती.

फळा पुसला गेला, पण सिद्धांत वाढत राहिला. पुढच्या फेब्रुवारीत मंडळाच्या मराठी भाषा दिनाला तुम्ही त्यावर व्याख्यान ठेवलेत आणि ग्वेनलाही बोलावलेत. तेव्हा मी ठरवले की याला उत्तर द्यायचे. उत्तर द्यायचे तर कोश पाहायला हवा. कोश पाहायचा तर ग्रंथालयात जायला हवे. आणि ग्रंथालयात जायचे तर कुणीतरी न्यायला हवे. तुम्ही नेले असते. पण तुमच्याच गाडीतून तुम्हाला खोडायला जाणे मला प्रशस्त वाटेना. मी मृणालला सांगितले.

"आई, दहा मिनिटं हं," ती दारापुढे गाडी उभी करून म्हणाली. "पार्किंग नाहीये, मी इंजिन चालू ठेवते."

मी कोट न काढता कपाटापाशी उभी राहिले, जाड कोश काढला, 'बारा'ची नोंद काढली. नोंदीत लॅटिनमधला पिठाचा शब्द दिसला, फारिना. मी कोश मिटला. मला हवे ते मिळाले होते.

व्याख्यान शाळेच्या जेवणघरात झाले. तुम्ही जॅकेट घातले होते. तुम्ही गोष्ट चांगली सांगत असा, हे मान्य करते. भाकरी थापण्यापासून सुरुवात करून तुम्ही लोकांना वेल्सच्या डोंगरापर्यंत नेलेत. आणि लोक गेले. जे लोक घरी मुलांना 'शूज काढ, होमवर्क कर, डिनर थंड होतंय' याच्यापलीकडे मराठी बोलत नाहीत, त्यांनी मराठीने वेल्सला भाकर पुरवली हे ऐकून टाळ्या वाजवल्या. आपल्या भाषेची आज आपल्याच स्वयंपाकघरात काय अवस्था आहे, हे पाहण्यापेक्षा ती एके काळी जगभर फिरून आली होती असे ऐकणे सोपे असते. त्याला कष्ट पडत नाहीत. फोनवर रोज असे दहा संदेश फिरतात आणि त्यातला एकही पाठवणारा माणूस कोश उघडत नाही. त्या संध्याकाळी त्या टाळ्यांची मला शिसारी आली, आणि त्या तुम्हाला आवडत होत्या हे पाहून अधिकच आली.

मग मी उभी राहिले. खडू नव्हता, पण आवाज तोच होता. दोन स्वरांच्या मधला जुना क वेल्शमध्ये ग होतो, हे मी सांगितले. लॅटिनमध्ये दहाला 'देकेम' म्हणतात, वेल्शमध्ये 'देग'. जिथे त्यांच्याकडे क, तिथे यांच्याकडे ग. म्हणजे भाकर वेल्सला गेलीच असती, तर तिच्या पोटात आज एक ग सापडला असता. तो नाही. इथपर्यंत माझे बरोबर होते.

मी तिथे थांबले नाही. खरे उत्तर काय, तेही सांगते, असे म्हणून मी सांगितले की हा शब्द लॅटिन फारिनापासून आला. रोमन सैनिक पीठ घेऊन ब्रिटनमध्ये गेले आणि शब्द तिथे ठेवून आले. एवढ्या ठामपणे सांगितले की कुणी प्रश्न विचारला नाही.

तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलेत. मग माइकवर म्हणालात, "विहीणबाई शिक्षिका आहेत. त्यांनी सांगितलं म्हणजे झालं." लोक हसले. तुम्ही कागद घडी करून खिशात घातलेत आणि खाली बसलात. ग्वेन पुढच्या रांगेत होती. काय चालले आहे ते तिला कळत नव्हते; ती दोघांनाही टाळ्या वाजवत होती.

परतताना गाडीत आपली नात ईरा मागच्या सीटवरून म्हणाली, "आजी, कुडन्ट यू जस्ट लेट इट गो?"

मी तिला सांगितले की चूक ही चूक असते, ती आजोबांची असली तरी. तुम्ही गाडी चालवत होता. आरशात तुमचे डोळे दिसत होते. ते रस्त्यावर होते. पुढच्याच आठवड्यात ईराला शाळेत एका शब्दाचा इतिहास लिहून द्यायचा होता. तिने 'बारा' घेतला आणि आजोबांची नव्हे, आजीची व्युत्पत्ती लिहिली. तिला चांगले गुण मिळाले. मला समाधान वाटले. ते मी न्याहारीच्या टेबलावर बोलूनही दाखवले.

त्यानंतर तुम्ही 'बारा'वर माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. बुधवार चालू राहिले. "कढीपत्ता आहे का संपला?" तुम्ही विचारत असा, आणि रेडिओ लावत असा. वाद घालायची मी रोज तयारी करून बसत असे आणि तुम्ही मला हिरव्या मिरचीचा भाव सांगत असा. मी निष्कर्ष काढला की हा माणूस हरला आहे आणि हरल्याचे कबूल करण्याएवढा मोठा नाही. तो निष्कर्ष मी वर्षभर सांभाळला. अंकासाठी टाइप करून दिलेला लेख तुम्ही थांबवून ठेवला आहे, असे निनाद एकदा म्हणाले, तेव्हाही मला वाटले की भीती वाटली असेल.

आता तेराव्याविषयी. जेवण बाहेरून मागवले होते. वांग्याची भाजी गोड होती, तुम्ही ती बाजूला सारली असती. लोक रांगेने सलीलपाशी येऊन तेच ते बोलत होते. तुम्ही चालताबोलता शब्दकोश होता, असे तिघांनी सांगितले. त्यातल्या एकाच्याही घरी न बोलणारा शब्दकोश नाही. एक तरुण जोडपे म्हणाले की काकांनी ते भाकरीचे प्रूव्ह केले होते ना, आम्ही ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतो. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मेलेल्या माणसाच्या चुकीला पाय फुटून ती ऑफिसात पोचली होती.

निनाद त्या गर्दीतच माझ्यापाशी आले. "काकू, काकांचा तो लेख माझ्याकडे रेडी आहे. लास्ट इयर त्यांनी होल्डवर ठेवायला सांगितलं होतं, पण आता ट्रिब्यूट म्हणून टाकूया ना? तुमचं रायटअप शेजारीच येईल."

म्हणजे तुमची चूक आणि माझा शोक, समोरासमोरच्या पानांवर. मी विचार करून सांगते म्हटले.

तेवढ्यात ग्वेन आली. मार्च नव्हता, पण मेणकागदात गुंडाळलेला पाव तिच्या हातात होता. ती माझ्या शेजारी बसली आणि तिने जे सांगितले ते मी तिला दोनदा सांगायला लावले. गेल्या पानगळीत ती अंगणातली पाने ओढत होती, तेव्हा तुम्ही टोपी काढून कुंपणापाशी उभे राहिलात. तिच्या आजीच्या शब्दाविषयी तुम्ही जे जाहीरपणे सांगितले ते चुकीचे होते, याबद्दल माफी मागितलीत, आणि ती भाकरीची गोष्ट कुणाला सांगू नकोस म्हणालात. तिने आधीच पेनसिल्व्हेनियातल्या दोन चुलत बहिणींना कळवले होते. तुम्ही त्यांचे पत्ते मागितलेत आणि दोघींना पत्रे पाठवलीत. सदोष माल कारखाना परत मागवतो, तसे.

ग्वेनला यात गंमत वाटत होती. तिची स्वतःची मुले तिला आजीच्या शब्दांविषयी कधी विचारत नाहीत, ती म्हणाली. तुम्ही विचारलेत, आणि चुकलात तर परत सांगायला आलात.

मला गंमत वाटत नव्हती. शेजारणीला सांगितलेत. पेनसिल्व्हेनियाला पत्र पाठवलेत. न्याहारीच्या टेबलापलीकडे, दोन हातांवर मी बसले होते.

तुमच्यापाशी सगळ्यांत जास्त बसत असे ती ईरा. मी तिला तुमच्या खोलीत नेले आणि आजोबांना चूक कशी कळली, असे सरळ विचारले. तिने कपाटातून तुमचा पत्र्याचा डबा काढला, पण माझ्या हातात दिला नाही.

"ही टोल्ड मी नॉट टू शो यू."

"का?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. "बिकॉज यू वर रॉंग टू," ती म्हणाली. आणि मग, मराठीत, "सॉरी आजी."

डब्यात तुमची कार्डे होती, प्रत्येक कार्डावर एक शब्द. मागे लाल पुठ्ठ्याची आडवी पट्टी घालून तुम्ही एक कप्पा वेगळा केला होता. त्या रिजेक्टच्या कप्प्यात दोनच कार्डे होती. पहिल्यावर तुमच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते: 'भाकर ते बारा. क कुठे गेला? विहीणबाई बरोबर. हीट नंबर नाही. रिजेक्ट.'

दुसरे असे होते: 'लॅटिनमधून उसना, विहीणबाईंचं मत. तपासलं. लॅटिनचा फ वेल्शमध्ये गेला की फच राहतो. खिडकी फेनेस्त्रा, वेल्श फेनेस्टर. मग बारा फ ने का सुरू होत नाही? कारण उसना नाही. घरचाच आहे. जुन्या आयरिशमध्ये याच घराण्यातला शब्द, त्यात मूळचा ग शिल्लक. वेल्शमध्ये तो ग झिजून गेला. लॅटिन शब्द याची आई नव्हे, बहीण. इंग्रजीतली बार्लीपण याच ओतीतली दिसते. रिजेक्ट.'

कार्ड उलटले. मागे दोन ओळी होत्या. 'माझी चूक सांगायची तर त्यांचीही सांगावी लागेल. विहिणीला उणं बोलायचं नाही. कळवू नये.'

ईराने बाकीचे सांगितले. त्या उन्हाळ्यात तुम्ही तिला घेऊन पाच शनिवार ग्रंथालयात गेलात. मोतीबिंदूमुळे तुम्हाला बारीक अक्षर दिसत नव्हते, म्हणून ती वाचत होती आणि तुम्ही लिहून घेत होता. शाळेत दिलेला आपला निबंध चुकीचा आहे हे तिला तिसऱ्या शनिवारी कळले. ती मला सांगणार होती. तुम्ही तिला थांबवलेत.

नाना, इथे मला तुमच्याशी भांडायचे आहे, आणि तुम्ही उत्तर द्यायला नाहीत, हा तुमचा शेवटचा पळपुटेपणा आहे. कार्यालयात तुम्ही जे बोललात ते साड्यांविषयी होते. व्युत्पत्तीविषयी नव्हते. मानपानाचा नियम तुम्ही शब्दाला लावलात आणि त्याला सौजन्य म्हणालात. मी तुम्हाला भर सभेत खोडले, कारण मी तुम्हाला खोडण्याच्या लायकीचे समजत होते. माझ्या शाळेत ज्या मुलाची वही मी लाल करीत असे, त्याच्याकडून मला आशा असे. ज्याच्या वहीवर नुसती सही करीत असे, त्याला मी सोडून दिलेले असे. तुम्ही माझ्या वहीवर सही केलीत. आणि एका पंधरा वर्षांच्या मुलीला शिकवलेत की मोठ्या माणसांना खरे सांगायचे नसते, त्यांना जपायचे असते. ती वर्षभर मला जपत होती. मी टेबलावर तिच्या गुणांचे कौतुक करीत होते आणि ती मान खाली घालून दूध पीत होती.

पण ही तुच्छता आता मला पहिल्याइतकी परवडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. तुम्ही पाच शनिवार बसलात. मी दहा मिनिटे उभी होते. हीट नंबर मागणारी मी, आणि तो शोधून काढणारे तुम्ही. मागच्या आठवड्यात मी सलीलला आम्हाला ग्रंथालयात सोडायला सांगितले आणि चार तासांनी ये म्हटले. कोट काढला. खुर्ची घेतली. ईरा शेजारी बसली. तोच कोश, तीच नोंद. फारिना तिथे होता. पण त्याच्या आधी 'तुलना करा' अशा अर्थाची दोन अक्षरी खूण होती, आणि मी ती 'पासून' अशी वाचली होती. प्रश्न पूर्ण वाचा, असे मी जन्मभर मुलांना बजावले. त्या दोन अक्षरांकडे मी किती वेळ पाहत होते ते सांगत नाही.

डब्याच्या पुढच्या कप्प्यात, पास झालेल्या कार्डांत, एक कार्ड ईराने मला दाखवले. ग्वेन तिच्या पणजीला 'हेन नाइन' म्हणत असे. नाइन म्हणजे आजी, हेन म्हणजे म्हातारी, जुनी. त्यावर तुम्ही लिहिले आहे: 'हेन. संस्कृत सन, जुना, सनातनमधला. आपल्या स चा त्यांच्याकडे ह, नियमाने. नातं खरं. ओके. दिसायला काहीच सारखं नाही, म्हणून यावर कुणी टाळी वाजवणार नाही.'

मी वाजवली. ग्रंथालयात. बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले.

निनाद यांना मी फोन करून कळवले की भाकरीचा लेख छापायचा नाही. लेखकाने तो स्वतः रद्द केला आहे. "पण काकू, लोक हर्ट होतील," ते म्हणाले. "लोकांना काकांची तीच आठवण आहे." मी म्हटले, मग लोकांची आठवण दुरुस्त करायला हवी; शेजारच्या पानावर रिजेक्टची दोन्ही कार्डे छापा, माझेही छापा, मागची बाजू धरून. मग त्यांनी विचारले की कार्डे स्कॅन करून पाठवता येतील का. ईराने पाठवली. त्याच बैठकीत तिने आपल्या गेल्या वर्षीच्या शिक्षिकेलाही लिहिले, की निबंधात चूक होती आणि ती तिच्या आजीची होती. 'माझ्या आजीची' हे शब्द मी तिला खोडू दिले नाहीत.

बुधवारी आता सलील नेतो. तो रेडिओ लावत नाही. मला वाद घालायला कुणी नाही.

उत्तर थोडक्यात असे. वेल्श 'बारा' भाकरीपासून आलेला नाही आणि लॅटिनमधून उसना घेतलेलाही नाही. तो त्या लोकांच्या घरचा जुना शब्द आहे, आणि लॅटिनमधला पिठाचा शब्द आणि इंग्रजी बार्ली ही बहुधा त्याची भावंडे आहेत. आपली भाकर कुठून आली, हे मला ठाऊक नाही. आम्ही दोघांनी ते कधी शोधले नाही.

वाचकांना विनंती आहे की यातले काही माझ्या किंवा नानांच्या शब्दावर खरे मानू नये. मी शिक्षिका आहे म्हणून तर मुळीच नाही. जवळच्या ग्रंथालयात जावे, वेल्शचा ऐतिहासिक कोश मागावा, नोंद शेवटपर्यंत वाचावी, आणि आम्ही चुकलो असलो तर मला कळवावे. बसून वाचावे. गाडी बाहेर चालू ठेवू नये.